ब्रेकवरचा पाय

हिरामणदादा कसारा घाट उजवा पाय सीटवर दुमडून चढायचे. थापा मारत नाही, शेजारी बसून पाहिलंय मी. मागे टोचन लावून ओढलेला बंद ट्रक, समोर तो चढ, आणि हे गृहस्थ ओटीवर टेकल्यासारखे निवांत. ॲक्सिलरेटर दाबलेला राहावा म्हणून पेडल आणि सीटच्या मध्ये एक दांडकं अडकवलेलं. गिअर बदलायचा झाला की दांडक्याला बांधलेली दोरी खेचायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ठाण्यात वर्तकनगरच्या एका गॅरेजात मी कारकून होतो आणि दादा तिथले टोचनगाडीचे ड्रायव्हर, कोपरीकडचे कोळी. मी ओरडलो की म्हणायचे, "डिझेल इंजिन हाय भाऊ, एका चालीवर ठेवलं की खुशीत चढतं. पायाला कशाला चाकरी?" उतारावर मात्र दांडकं काढून ठेवायचे. मला वाटायचं, आळशी माणूस, पण अक्कल शाबूत आहे.

एकदा बंद ट्रक इगतपुरीला पोचवायला मी त्यांच्याबरोबर गेलेलो. ट्रक मालकाच्या ताब्यात दिला आणि आम्ही टपरीवर चहाला बसलो. दादा गावच्या पालखीत कोण कसा नाचला ते सांगत होते. शेगडीतला एक निखारा उडाला आणि त्यांच्या उजव्या पायावर पडला. कातडी जळल्याचा वास आला. दादा बोलतच होते.

मी तो निखारा झटकला तेव्हा कुठे त्यांनी खाली बघितलं.

"कळलं नाही तुम्हाला?"

"घोट्याच्या खाली कायच कळत नाय. साखर हाय ना." कपातला चहा त्यांनी संपवला. "कुणाला बोलू नका. खाडीत मासली राहिली नाय. गाडी सुटली तर मी काय करू?"

"आणि ब्रेक?"

"बघून दाबतंय."

खाली वाकून पायाकडे बघणारा माणूस त्या क्षणी रस्ता बघत नसतो, एवढं मलाही कळत होतं. इतकी वर्षं मी त्या माणसाशेजारी डुलक्या काढत घाट उतरलेलो. मी म्हटलं, गाडी इथेच सोडा, एसटीने जाऊ. ते ऐकेनात. "तुमी जा एसटीनं," म्हणाले आणि गाडीत चढले. शिव्या देत मीही चढलो. एकट्याला कसं सोडणार?

चावी फिरवायच्या आधी ते थांबले. "भाऊ, पाय ब्रेकवर हाय का, तेवढा तुमी बघा. मी रस्ता बघतंय."

सगळा घाट मी त्यांच्या त्या भाजलेल्या पायाकडे बघत उतरलो. "आहे, दादा. आहे. सरकला, पाय डावीकडे घ्या. आहे." दरी एकदाही पाहिली नाही. माझा आवाज रडवेला झालेला, त्यांचा नाही.

ठाण्याला पोचल्यावर त्यांनी चावी स्वतःच गॅरेजमालकाच्या टेबलावर ठेवली. मी म्हटलं, "दादा, मी कुणाला सांगणार नव्हतो."

"ठाव हाय मना," ते म्हणाले. "पण मना एकल्याला म्हाईत होतं तोवर चालवत होतो. आज तुमच्या तोंडून ऐकला ना, तवा मना पयल्यांदा भ्या वाटला."