दौलतभाऊंची पेन्सिल

बाभुळगावच्या आमच्या वाचनालयात युद्धावरचं नवं पुस्तक आलं, की दौलतभाऊ ते आधी स्वतः घरी न्यायचे. तीन-चार दिवसांनी परत आणून माझ्या टेबलावर ठेवायचे. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक ओळ असायची: “मुर्दे कोनं उचलले, थे लेहलं नाही.” मी वाचनालयाची सचिव. पुस्तकात काही लिहू नये, ही पाटी मीच रंगवून लावली होती. मी खोडरबर काढायची आणि ती ओळ पुसून टाकायची. वीस-बावीस पुस्तकं तरी मी अशी स्वच्छ केली.

अन्वी, रोहन, पोरांनो, युद्धावरचं काय वाचावं-बघावं याची तुम्ही पाठवलेली यादी मी वहीत नीट उतरवून घेतली. दोन पुस्तकं वाचली, एक चित्रपट पाहिला, त्या पॉडकास्टचे चार भाग ऐकले. खरं सांगते, शिसारी आली. निवेदक आवाज खाली आणून खंदकात किती मेले ते सांगतो, थोडं संगीत वाजतं आणि लगेच गादीची जाहिरात लागते. रोहन हे धावताना ऐकतो म्हणे. ऐक बाबा. पण आमचे दौलतभाऊ तुम्हाला माहीत असायला हवेत.

ते वाचनालयाचे शिपाई. त्याआधी सैन्यात स्ट्रेचर उचलायचे. सीमेवरची एक लढाई त्यांनी पाहिली होती. म्हणजे लढाई थांबल्यावर तिथली जमीन पाहिली होती. अंगानं उंच, पण उजवा खांदा कायमचा खाली आलेला. सकाळी सातला झाडलोट, मग वर्तमानपत्रं तारखेनुसार लावणं. मी शिस्तीची, ते माझ्याहून शिस्तीचे, म्हणून आमचं जमायचं. लढाईबद्दल विचारलं तर एवढंच म्हणायचे, “वास, बाई. बुकाले वास नसते, म्हनून पोट्टे आवडीनं वाचते.”

कापसाची ती वाईट वर्षं होती. गावातला सरकी काढायचा जिनिंगचा कारखाना बंद पडलेला आणि तिथं काम करणारे तरुण दिवसभर वाचनालयात बसून. आमच्या अध्यक्षांचं फवारणीच्या औषधांचं दुकान होतं आणि त्यांना युद्धाच्या माहितीपटांचा भारी नाद. त्यांनी भाड्यानं प्रोजेक्टर आणला आणि दर रविवारी दुपारी खेळ सुरू केले. चिवड्याच्या पुड्या फुटायच्या. बाँब पडला की शिट्ट्या. रणगाड्याची सावली दिसली तरी पोरं त्याचं नाव-नंबर सांगायची. मी हजेरी लिहायची. दौलतभाऊ दोन जाड चादरी जोडून शिवलेला पांढरा पडदा भिंतीवरच्या खुंट्यांना बांधायचे आणि बाहेर पायरीवर जाऊन बसायचे.

“काहून जी दौलतभाऊ, पाहत नाही का?” कोणीतरी डिवचायचं.

“माह्यं पाहून झालं. तुमी खा चिवडा.”

असाच एक रविवार. समोरच्या स्टँडवर राळेगावहून एसटी आली आणि कंडक्टरनं एका माणसाला धरून खाली उतरवलं. कपाशीवर फवारणी करणारा मजूर होता. औषध अंगात भिनलं होतं. तोंडाला फेस, कपडे ओकारीनं भरलेले, आणि त्या औषधाचा उग्र वास रस्ता ओलांडून आमच्या दारापर्यंत. गाडी निघून गेली. एक ऑटोवाला जवळ आला, बघून मागे फिरला. दवाखाना चालत दहा मिनिटांवर.

दौलतभाऊ आत आले. “चार जन या रे. जिता आहे अजून.”

कोणी उठलं नाही. एक म्हणाला, “फोन करा ना भाऊ, गाडी येते.” दुसऱ्यानं शर्टाची बाही नाकाला लावली. पहिल्या रांगेतून अध्यक्ष म्हणाले, “दौलत, दार लाव आधी. वास येऊन राह्यला.”

तो वास त्यांच्याच दुकानातल्या डब्यांचा होता.

दौलतभाऊ सरळ भिंतीकडे गेले आणि त्यांनी पडदा खुंट्यांवरून ओढून काढला. रणगाडे मागच्या पुस्तकांच्या कपाटांवरून चालू लागले. पोरांनी आरडाओरडा केला. दाराशी वळून ते म्हणाले, “रनगाड्याचे नंबर साऱ्याइले पाठ आहे. पाय धराले एकही नाही?”

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रुमाल नाकाला लावून उभी होते. ते पडदा खांद्यावर टाकून बाहेर पडले.

स्टँडवर काकड्या विकणारी बाई टोपली सोडून उठली, तिनं पदर खोचला आणि पडद्याचं दुसरं टोक धरलं. दोघं त्या माणसाला झोळीत घालून घेऊन गेले. अर्धा तास उशीर झाला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

सोमवारी बैठक झाली. कार्यक्रमात व्यत्यय, बेशिस्त, पडदा खराब केला. दौलतभाऊंना कामावरून काढल्याचं पत्र मी लिहिलं. अध्यक्षांच्या हौसेखातर आधी इंग्रजीत, मग मराठीत. दोन्हीत एकही चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि शेजारी तो पडदा. धुतलेला, चारी कोपरे जुळवून सैनिकी घडी घातलेला.

“डाग नाही निघाला, बाई. जय भीम.” आणि गेले.

तीन आठवड्यांनी तो मजूर आला. हाडं वर आलेली, हातात शेंगांची पिशवी. “बाई, येथून मले दवाखान्यात कोनं नेलं जी?”

सवयीनं मी तारीख बघायला इतिवृत्ताची वही काढली. माझंच अक्षर: ‘रविवारचा कार्यक्रम उत्साहात पार पडला. तांत्रिक कारणामुळे चित्रफीत मध्येच थांबवावी लागली.’ खाली पेन्सिलीनं, किल्ल्या देण्याआधी कधीतरी लिहिलेलं: “बाई, मानूस कोनं उचलला, थे लेहलं नाही.”

माझा हात खणातल्या खोडरबराकडे गेला होता. तो माणूस उत्तराची वाट पाहत उभा होता.

“दौलतभाऊंनी,” मी म्हटलं, “आणि...” जिच्याकडून नऊ वर्षं काकड्या घेतल्या, तिचं नाव मला माहीत नव्हतं. मी त्याला घेऊन स्टँडवर गेले. तिला नाव विचारलं. कासाबाई. ती म्हणाली, “आज विचारून राह्यल्या व्हय बाई?” आणि टोपली शेजारणीकडे देऊन त्याला दौलतभाऊंच्या घरी घेऊन गेली.

परत येऊन मी त्या ओळीखाली शाईनं दोन्ही नावं लिहिली. पेन्सिलीला हात लावला नाही. अध्यक्षांनी त्या पानावर सही केली नाही. दौलतभाऊंना काम परत मिळालं नाही. मीही तेव्हा राजीनामा दिला नाही. आणखी एक वर्ष त्याच टेबलाशी बसून रविवारची हजेरी लिहीत राहिले. तुमच्या पॉडकास्टपेक्षा मला त्या वर्षाची जास्त शिसारी येते.