बोटीवरचं बोटीवर

विल्यमचा फोन आला तेव्हा मी गोखिवऱ्याच्या गाळ्यात जुन्या फळ्यांतले खिळे उपटत बसलो होतो. गाळा माझ्या मुलाचा, तिथे लाकडी पॅलेट ठोकतात. ज्या हातांनी पाचूबंदरच्या बोटी बांधल्या ते हात आता खिळे उपटतात... असो. "काका, डॅडी गेले," विल्यम म्हणाला. तर माझ्या तोंडून पहिला शब्द कोणता यावा? "बोटीवर?" तो म्हणाला, "नाही काका, घरीच. खुर्चीत बसल्या बसल्या. बादली भरून दाराशी ठेवली होती." पास्कोल मेला हे मला त्या बादलीनं कळलं. भरलेली बादली तो कधी तशी ठेवत नसे.

आता महिना उलटून गेला. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी विल्यमला डॅडींवर दोन शब्द लिहायला सांगितले होते. तो म्हणाला, काका लिहितील. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. पण पास्कोलबद्दल दुसऱ्या कुणी लिहावं हे मला चालणार नव्हतं. चुकलं-माकलं तर छापणाऱ्यांनी बघावं, आशय मात्र बदलू नये.

पास्कोल पाचूबंदरचा ख्रिस्ती कोळी. मी सुतार, धर्मानं हिंदू, पण माझं निम्मं आयुष्य त्याच्या ओट्यावर गेलं. त्याची बोट, 'देवमाय', मी बांधली. साग आम्ही दोघांनी जाऊन निवडला. प्रत्येक ओंडक्याला तो कान लावून ठोकून बघायचा, जसा काही कलिंगड घेतोय. मी म्हणायचो, "तुला काय कळतंय रे त्यातलं?" तो म्हणायचा, "मला नाय कळत. पन लाकडाला कळलं पायजे ना, गिऱ्हाईक हुशार हाय." बोट पुरी झाली तेव्हा नाळेच्या फळीचा, म्हणजे अगदी पुढच्या टोकाच्या फळीचा, एक तुकडा उरला. त्याचे मणी कातून मी त्याला रोजरीची, म्हणजे त्यांच्या जपाची, माळ करून दिली. मणी किती लागतात ते तो फादरना विचारून आला आणि येताना विसरला, परत गेला. ती माळ त्याने नाळेला टांगली. दर्यात जाताना हात लावायचा, येताना हात लावायचा. बोट आणि माळ एकाच लाकडाची, याचा मला गर्व होता आणि अजून आहे.

आता त्या दिवसाचं सांगतो. रविवार होता. चर्चमधली मिस्सा आटपून पास्कोल घरी आला होता आणि मी जेवायला गेलो होतो. रोझीबायने, म्हणजे त्याच्या बायकोने, बोंबलाचं कालवण वाढलं. पहिला घास तोंडात, तेवढ्यात दारात पोलीस. साहेब तरुण, सोबत दोन शिपाई आणि बंदरावरचे दोघे पंच म्हणून. साहेब म्हणाला, "घराची आणि बोटीची झडती घ्यायची आहे." मी ताटावरून उठलो. लहानपणापासून ऐकलेलं, कोर्टाच्या कागदाशिवाय पोलिसाने उंबरा ओलांडायचा नाही. म्हटलं, "वॉरंट दाखवा. नाहीतर पाय आत टाकायचा नाही." साहेब चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. म्हणाला, "बाबा, वॉरंट आणेपर्यंत माल जागेवर राहतो का? कायद्यात तशी सोय आहे. कारण लिहून ठेवलंय, पंच आहेत, हा शिपाई सगळ्याचं शूटिंग करतोय." मी म्हटलं, "मी नाही मानत असला कायदा." तेव्हा मागून पास्कोल म्हणाला, "मेस्त्री, गप बस. शूटिंग चाललंय आनि तुझा शर्ट बगलेत फाटलाय." पंच हसले. साहेबही हसला. मला तेवढं हसू आलं नाही.

घरात काही सापडलं नाही. बोटीत मात्र ताडपत्रीखाली डिझेलची पिंपं निघाली. आदल्या दिवशी पास्कोलचा खलाशी इंजिन तपासतो म्हणून बोट घेऊन गेला होता, तो परत दिसलाच नव्हता. नुसती बोट सकाळी बंदरात बांधलेली. डिझेल चोरीचं आहे असा पोलिसांना संशय. पास्कोलचा जबाब घेतला आणि त्याला सोडला, बोट मात्र सोडली नाही. गुन्ह्यात वापरल्याचा संशय असला की वस्तू जप्त करता येते, त्यालाही वॉरंट लागत नाही, हे साहेबाने मला दुसऱ्यांदा समजावलं.

मग पंचनामा. बोट एक, इंजिन एक, नांगर एक, जाळी, दोर... शिपाई लिहीत होता आणि पास्कोल उभा राहून सांगत होता, "ती फळी लिवली का? तो डबा लिवा." साहेबाने माळ बघितली, म्हणाला, "काका, ही देवाची आहे, काढून घ्या. हिचं काय करायचंय आम्हाला?" पास्कोल म्हणाला, "नको साहेब. बोटीवरचं बोटीवर. लिवा तीपन." मला म्हणाला, "मेस्त्री, जे लिवलं ते परत येतं. जे लिवलं नाय त्याचं काय खरं?" शिपायाने लिहिलं, लाकडी मण्यांची माळ, क्रूस असलेली, एक.

एवढी मोठी बोट पोलीस ठाण्यात नेऊन ठेवणार कुठे? म्हणून ती किनाऱ्यावर ओढून पास्कोलच्याच ताब्यात दिली. त्याने सही करून लिहून दिलं की बोट विकणार नाही, दर्यात घालणार नाही, तिच्यात काही बदल करणार नाही, मागाल तेव्हा जशीच्या तशी हजर करीन. म्हणजे माणूस आपल्याच बोटीचा राखणदार झाला.

आता ज्याला लाकूड कळतं त्याला सांगायला नको, लाकडी बोट उन्हात कोरडी पडली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. पावसाळ्यात सगळेच बोटी वर घेतात, पण पुढे सांध्यांत कापूस ठोकून, राळ-तेल करून, पुन्हा पाण्यात घालतात. नारळी पुनव झाली, पावसाळा सरला, शेजारच्या बोटी दर्यात गेल्या, 'देवमाय' तिथेच. मी हत्यारं घेऊन गेलो. म्हटलं, "सांधे भरून घेतो. दोन दिवसांचं काम." पास्कोल बोटीच्या आड उभा राहिला. "नको. बदल करनार नाय असं मी लिवून दिलंय." म्हटलं, "अरे, दुरुस्ती म्हणजे बदल होय? कोण येतंय बघायला?" तो म्हणाला, "तू तिसरी, मी चौथी नापास. बदल कशाला म्हनतात ते आपन ठरवायचं?"

मग आम्ही ठाण्यात विचारायला गेलो. साहेबाची बदली झाली होती. समोरच्याने आधी अर्ज द्या म्हटलं, दिला. पुन्हा गेलो तर म्हणाला, "काका, तुमचं तुम्ही बघा. पण उद्या काही झालं तर आम्हाला सांगू नका." पास्कोलने याचा अर्थ 'नको' असाच घेतला. विल्यमने वकील केला. वकिलाला मी म्हटलं, "वॉरंट नव्हतं, हे कोर्टात ठासून सांगा." वकील म्हणाला, "आजोबा, त्यांनी बेकायदा काहीच केलेलं नाही. आपण बोट सोडण्याचा अर्ज केलाय. खलाशी सापडत नाही, तपास चालू आहे म्हणून ते विरोध करतात. थांबावं लागेल." मी आयुष्यात पुष्कळांशी भांडलो. समोर कुणीतरी चुकलेला लागतो. इथे साहेब बरा, वकील बरा, कायदाही म्हणे बरोबर... आणि डोळ्यांसमोर बोट मरतेय. भांडायचं कुणाशी?

पास्कोलने त्यावर आपला उपाय काढला. रोज भरतीला बादलीने खारं पाणी आणायचं आणि फळ्यांवर ओतायचं. गोडं पाणी लाकूड कुजवतं, खारं जपतं. माडाच्या झावळ्या टाकून सावली केली. "पानी टाकलं म्हंजे बदल नाय ना होत?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "पाऊस पडला तर पोलीस पावसाला धरतील काय?" तो खूप हसला. मग मीही रविवारी जाऊन बादल्या आणू लागलो. दोन म्हातारे, एक कोरडी बोट. शेजारच्या बोटीवरची पोरं ओरडायची, "पास्कोलकाका, भाजी उगवली का?" तो म्हणायचा, "उगवली की तुलाच देतो बाजारात न्यायला." विल्यम त्याला एव्हरशाईनला आपल्या फ्लॅटवर न्यायला यायचा, डॉक्टरने जड उचलू नका सांगितलं होतं. पास्कोल म्हणायचा, "बोट हजर करायची हाय. राखनदार फ्लॅटमध्ये बसला तर कसं?" रोज बादली... आणि तरी सांधे उघडतच गेले. माझ्या करंगळीचं नख जाईल एवढे. मला ते दिसायचं. त्यालाही दिसायचं.

मातीच्या दिवशी शवपेटीत त्याच्या हातांत पांढरी प्लास्टिकची माळ होती, कुणीतरी घाईत आणलेली. मी रोझीबायला म्हटलं, "त्याची माळ घेऊन येतो मी. पाच मिनिटांचं काम." तिने माझा हात धरला. "नको मेस्त्री. त्यानं लिवून दिलंय. उद्या पोलीस आले आनि ती मिळाली नाय तर म्हनतील पास्कोलनं खोटं केलं." मी हट्टी माणूस, कुणाचं ऐकत नाही. पण त्या बाईपुढे माझे पाय हलले नाहीत. पास्कोल परक्या माळेसकट मातीत गेला.

नंतर ठाण्यात जाऊन सांगितलं, ज्याच्या ताब्यात बोट होती तो माणूस वारला. ते म्हणाले, मुलाने मृत्यूचा दाखला जोडून अर्ज द्यावा. विल्यमने दिला आहे. खलाशी अजून सापडलेला नाही.

मी आता रविवारची वाट बघत नाही, जमेल तेव्हा रिक्षा करून पाचूबंदरला जातो. दाराशी ठेवलेली तीच बादली रोझीबाय मला देते. वरून पाणी ओततो, ते खालून वाळूत निघून जातं. आता फळ्या फुगून सांधे मिटणार नाहीत, हे मी बांधणारा म्हणून सांगतो. तरी ओततो. शेवटी बादलीच्या तळाला राहिलेलं पाणी ओंजळीत घेतो आणि नाळेजवळ जाऊन त्या माळेवर टाकतो. उचलत नाही, नुसती भिजवतो. तीही त्याच फळीची आहे.