लावायचं पीठ

माझ्या नवऱ्यावर मी तीन आठवडे चोरीचा आळ घेतला होता. चोरी सोन्यानाण्याची नव्हती, खाण्याची होती. पण आळ तो आळच. मी तोंडाची फाटकी आहे. मनात आलेलं ओठावर यायला मला वेळ लागत नाही, आणि एकदा बोलले की माघार घ्यायची सवय नाही. माहेरी-सासरी सगळ्यांना हे ठाऊक असल्यामुळे कुणी मला फारसं अडवायला जात नाही. त्या वेळी कुणीतरी अडवायला हवं होतं.

सिरसाळ्यात आमचं किराणा दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, आणि रस्त्यापलीकडे अगदी समोर चहाचं हॉटेल. मागच्या उन्हाळ्यात ह्यांच्या तळपायाला मुंग्या येऊ लागल्या. गरम फरशीवर अनवाणी चालले तरी कळेना, तेव्हा मी त्यांना अंबाजोगाईला डॉक्टरांकडे नेलं. शुगर निघाली, आणि बरीच निघाली. डॉक्टर म्हणाले, तीन महिने गोळ्या घ्या. भाकरी, पोळी, भात, साबुदाणा, गोड सगळं बंद. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. उतरली तर ठीक, नाहीतर इन्सुलिनची सुई सुरू करावी लागेल.

'सुई' ऐकलं आणि ह्यांचा चेहरा उतरला. माझे थोरले दीर सुईवर गेले आणि वर्षाच्या आत त्यांचा पाय घोट्यापासून काढावा लागला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की पाय सुईने गेला नाही, सुईला उशीर केल्याने गेला. ह्यांनी मान हलवली, पण त्यांना पटलं नव्हतं. परतताना बसमध्ये ते माझ्याकडे न बघता बोलले.

"मला सुईवर जाऊ देऊ नगं. बाकी तू म्हणशील तसं करतो."

पस्तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, नाही जाऊ देत.

म्हणणं सोपं होतं. दोन्ही वेळ ज्वारीची भाकरी खाल्लेला माणूस. त्याच्या ताटात नुसती भाजी वाढली तर तो त्या भाजीकडे बघत बसतो. वांग्याचं भरीत कशाशी खायचं, ठेचा कशाला लावायचा, हे त्यांना समजेना. चार घास खाऊन उठायचे. आठ दिवसांत गालफडं बसली. मी पुण्याच्या लेकीला फोन केला, तर तिने फोनवर एक कृती पाठवली: तिखट-मिठाचे स्कोन. त्यात गहू नाही, ज्वारी नाही, मैदा नाही. बदामाचं पीठ, लोणी, दही, खायचा सोडा, किसलेलं चीज, मिरची-कोथिंबीर घालून भट्टीत भाजायचे. बाहेरून कडक, आतून मऊ. फोटो बघून मला तो नानकटाईचा दांडगा भाऊ वाटला.

कृतीत दोन अंडी होती. आम्ही लिंगायत, घरात सगळ्यांच्या गळ्यात लिंग आहे, अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. लेकीला तसं सांगितलं तर ती म्हणाली, जवसाची पूड पाण्यात भिजव, चिकट होते, तेच अंड्याचं काम करतं. जवस आमच्याकडे चटणीसाठी बारमाही असतो. म्हटलं, चला, निदान एक तरी जिन्नस ओळखीचा निघाला.

मग सुरू झाली परीक्षा. पहिल्या खेपेला मिक्सर जास्त फिरवला; बदामाला तेल सुटून लाडवाचं सारण झालं. दुसऱ्या खेपेला लेकीने दिवाळीत आणून दिलेला छोटा ओव्हन तापला, स्कोन आत गेले आणि लाइट गेली. ती आली तेव्हा आत चिखल झाला होता. तिसऱ्या खेपेला भाजले गेले, पण उचलायला गेले तर भुगा. चौथ्या खेपेला मी कृती बाजूला ठेवली आणि हाताला जे येतं ते केलं. गोळा चिकट होता, म्हणून सरळ परातीत घेतला, भाकरीसारखा थापला आणि सुरीने आठ तुकडे पाडले. ओवा जास्त घातला, वरून तीळ दाबले. असे सुरेख उतरले, की घरभर ओव्याचा आणि लोण्याचा वास सुटला.

ह्यांनी एक मोडला, ठेच्यात बुडवला, चावला. मी समोर बसले होते. बराच वेळ चावून म्हणाले, "भाकर न्हाई ही. पन भाकरीच्या नात्यातली हाय."

त्या दिवशी ते पोटभर जेवले, आणि मला आभाळ ठेंगणं झालं. मग रोजचा नेम लागला. सकाळी पूजा आटोपून, विभूती लावून हे दुकान उघडायचे, तोवर माझी पहिली भट्टी निघालेली असायची. तीन सकाळी, तीन संध्याकाळी. सोमवारच्या उपवासाची साबुदाण्याची खिचडी त्यांनी आपणहून सोडली, नुसत्या ताकावर राहू लागले. गोळ्या वेळेवर. सकाळचं चालणं वेळेवर.

लेकीने बोटातून थेंब घेऊन शुगर बघायचं मशीन पाठवलं होतं. पंधरा दिवसांनी बघितलं, आकडा जिथल्या तिथे. म्हटलं, वेळ लागतो. महिन्याने बघितलं, तरी तिथेच. आता घरात खाणं मी घालते ते, तपासून घालते ते. मग हे येतंय कुठून? मी विचार केला आणि माझ्या डोळ्यांसमोर रस्त्यापलीकडचं हॉटेल आलं. तिथल्या बाकावर हे गेली तीस वर्षं रोज सकाळी चहाला बसत आले होते. सकाळीच तिथे जिलबीची कढई चढते. चार मित्र, एक पाव्हणा, आग्रहाचं एक वेटोळं, मग दुसरं.

मी सदऱ्याचे खिसे बघितले. सदऱ्याचा वास घेतला. दुकानातल्या रेवड्यांची बरणी किती उतरली ते येता-जाता बघू लागले. काही सापडलं नाही, तेव्हा मला वाटलं, गडी भलताच हुशार झालाय.

एका सकाळी मी पदर खोचून रस्ता ओलांडला. हे नेहमीच्या जागी बसले होते, हातात बिनसाखरेचा चहा, बाजूला तिघं-चौघं. मी ह्यांच्याशी बोललेच नाही. हॉटेलवाल्याला म्हणाले, "भाऊ, तुमी ह्यांना जिलबी देताव ती आजपासून बंद करा. उद्या पाय तोडायची पाळी आली, तर तुमी येणार हाव का निस्तराया?"

हॉटेलवाला झारा हातात धरून बघत राहिला. एक जण खाली बघून हसला. ह्यांनी अर्धा चहा बाकावर ठेवला आणि रस्ता ओलांडून दुकानात गेले. दुपारी जेवायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "म्या काय खाल्लं न्हाई."

"मग मशीन खोटं बोलतंय का?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हॉटेलात जाणं सोडलं. सकाळी गल्ल्यावर एकटे बसून असायचे, समोरच्या बाकावरची त्यांची जागा रिकामी. ते बघून कुणालाही वाईट वाटलं असतं. मला मात्र वाटलं, चोराच्या मनात चांदणं. वर आकडा उतरत नव्हताच, म्हणून मी येता-जाता टोमणे मारत राहिले. ताटात स्कोन वाढतानाही म्हणायची, खा, हे दिसायला तरी खा. ते मुकाट्याने खायचे.

एका रविवारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिचे स्कोन पसरट होत होते. माझे फोटो बघून तिला नवल वाटलं होतं, की आईचे एवढे घाटदार कसे उतरतात. मला काय, तेवढंच हवं होतं. फोन तेलाच्या बरणीला टेकवून उभा केला आणि दाखवू लागले. बदामाचं पीठ झालं, जवस झाला, लोणी चोळलं, दह्यात भिजवलं. गोळा परातीत घेतला आणि थापायला सुरुवात केली.

"आई, थांब," ती म्हणाली. "ते काय टाकलंस खाली?"

"काय टाकलं? लावायचं पीठ."

"कशाचं?"

"कशाचं म्हंजी? ज्वारीचं."

ती अगदी हळू आवाजात म्हणाली, आई, एकदा वाटीने मोजून बघ.

मोजून बघायचं माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. लावायचं पीठ कुठली बाई मोजते? दोन वाट्यांच्या भाकरी म्हटलं की त्या दोन वाट्यांच्याच. परातीत पसरलेलं त्यात धरत नाहीत. माझ्या आईने धरलं नाही, मी धरलं नाही. हात पिठाच्या डब्यात जातो आणि येतो, डोक्याला त्याची खबरही नसते. आणि हा गोळा तर भाकरीच्या दुप्पट चिकट. थापायला घेतला की हाताला लागायचा, मी पीठ टाकायची. तो पिऊन टाकायचा, मी पुन्हा टाकायची. शेवटी मळूनच घ्यायची, म्हणजे नीट आकाराला यायचा. त्या दिवशी तेवढं सगळं आधी वाटीत घेऊन मग टाकलं. एका भट्टीला दोन वाट्या लागल्या.

म्हणजे दीड महिना हे भाकरीच खात होते. बदाम-लोण्यातली, पण भाकरीच. आणि वाढत होते मी. लेक काहीतरी बोलत होती, आई, तुला कसं कळणार, वगैरे. मी फोन पालथा घातला आणि तिथेच फरशीवर बसले. हात पिठाने माखलेले होते, त्यांच्याकडे बघवेना. डोळ्यांपुढे एकच येत होतं: 'हे दिसायला तरी खा' म्हटल्यावर ताटाकडे मान घालून खाणारा माझा नवरा. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

घरातल्या घरात सांगून टाकणं सोपं होतं. पण आळ मी चारचौघांत घेतला होता, तो फेडायचाही तिथेच. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी भट्टी लावली. खाली तीळ पसरले आणि भाकरीला करतो तसा पाण्याचा हात घेऊन थापले. आकार वेडावाकडा आला. ते डब्यात भरले आणि रस्ता ओलांडला. बाकावर तीच मंडळी होती. मी वळून दुकानाकडे हाक मारली, "अहो, जरा हिकडं या."

ते हात पुसत आले आणि हॉटेलाच्या पायरीखालीच थांबले. आता आणखी काय ऐकावं लागतंय, असा चेहरा. मी डबा बाकावर ठेवला आणि बोलले.

"मागं मी हितं हुबी राहून बोलले व्हते. ह्यांनी काहीच खाल्लं नव्हतं. थापताना ज्वारीचं पीठ लावीत व्हते मी, वाटी-वाटीनं. चुकी माझी हाय."

कढईत जिलबी तडतडत होती. मग हे पायरी चढून वर आले, आपल्या जागेवर बसले आणि म्हणाले, "लावायचं पीठ कोन मोजीत असतंय व्हय?"

मी तीन आठवडे शब्दांनी सोलून काढलेला माणूस एवढंच बोलला. मागे हसलेला गृहस्थ म्हणाला, वैनी, डबा तरी उघडा. डबा फिरला. हॉटेलवाल्याने बिनसाखरेचा चहा आणून ठेवला, आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली एक किल्ली काढून ह्यांच्यापुढे धरली. म्हणाला, मग ही आता तुमच्यापाशीच ठेवा. ह्यांनी ती घाईघाईने खिशात टाकली. मी कसली म्हणून विचारलं तर म्हणाले, काही नाही, दुकानातली.

उरलेला महिनाभर मी पिठाचा डबा फडताळात वर ठेवून दिला. वरचेवर हात तिकडे जायचा, रिकामा परत यायचा. मशीनवरचा आकडा आठवड्या-आठवड्याने उतरू लागला. तीन महिने भरले तेव्हा आम्ही अंबाजोगाईला गेलो. डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला. म्हणाले, अजून बरंच जायचंय, पण सध्या सुईची गरज नाही; काय करताय ते चालू ठेवा.

परळीहून सिरसाळ्याच्या बसमध्ये बसलो तेव्हा मला ती किल्ली आठवली. माझ्या मनात एकदा शिरलेलं निघत नाही. पुन्हा विचारलं. आधी त्यांनी टाळलं, मग सांगितलं. रेवड्या, बत्तासे, गूळ, खजूर ठेवायचं दुकानातलं काचेचं कपाट, त्याची ती किल्ली. मी हॉटेलात तमाशा केला त्याच दिवशी ह्यांनी कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली समोर नेऊन दिली. गिऱ्हाईक आलं की हे दुकानातून हाक मारायचे आणि हॉटेलवाला येऊन कपाट उघडायचा. सगळ्या बाजाराला ठाऊक होतं, मी सोडून.

"पन तुमी तर काही खात नव्हताव," मी म्हटलं. "मग कावून?"

ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "तू येवढी खात्रीनं म्हणतीस, म्हंजी खातच असंन म्या. ध्यानात ऱ्हात नसंल, असं वाटलं."

मी पदर तोंडाला लावला. समोरच्या सीटवरची बाई वळून बघू लागली, तसे हे ओशाळले. माझ्या मांडीवरची पिशवी त्यांनी आपल्याकडे घेतली.

"आता रडाया काय झालं?" म्हणाले. "सुई तर टळली की."