अप्पांनी विझवलेली शेकोटी

शाळेत रुजू झालो त्या सकाळी अप्पांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : “अंतोन मास्तर, निघताना आईला सांगून आलात ना?” मी चांगला मिशा फुटलेला गडी! मनात म्हटलं, हे काय प्रकरण आहे बुवा? पुढे कळलं की आमचे मुख्याध्यापक विनायकराव चौधरी, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, हे काळजी करण्यासाठीच जन्माला आले आहेत. वटार गावच्या बागायतदार घरातला हा माणूस अर्नाळ्याच्या आम्हा कोळ्यांच्या पोरांना शिकवायला आला आणि आमच्या होड्यांचाही घोर लावून घेऊन बसला. मला ताप आला तेव्हा केळ्यांची फणी घेऊन ते चालत घरी आले आणि दारातूनच ओरडले, “अंगावर काढू नका म्हणून किती वेळा सांगितलं!” त्यांचं प्रेम हे असं, रागावून येणारं.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात अप्पांनी थंडीचा मेळा सुरू केला. आपल्याकडची थंडी ती कितीशी, असं मुंबईकर हसत म्हणतात. त्यांनी एकदा पौषात आमच्या किनाऱ्यावर उघड्यावर बसून दाखवावं! बागायतदारांनी सुकेळी आणावीत, कोळ्यांनी सुकी मासळी, दिवसभर लेझीम आणि रस्सीखेच व्हावी आणि तिन्हीसांजेला एका मोठ्या शेकोटीभोवती हिंदू-किरिस्ताव सगळ्यांनी मांडीला मांडी लावून बसावं, एवढाच तो बेत. वाडीवाडीतली भांडणं त्या शेकोटीपाशी मिटलेली मी पाहिली आहेत.

एका वर्षी गर्दी फार वाढली म्हणून आम्ही मेळा होड्या लागतात त्या बंदरापासून हलवून वर सुरूच्या झाडांपाशी नेला. मुंबईहून मोठे पाहुणे आले होते. अंधार पडू लागला, शेकोटी पेटली, ज्वाळा माडाएवढ्या चढल्या. तेवढ्यात समुद्रावर धुकं उतरलं. अप्पा भाषणाला उभे राहिले आणि सवयीप्रमाणे आधी मलाच विचारते झाले, “सगळ्यांच्या होड्या लागल्या ना?”

“आमचा बस्त्याव यायचाय,” मी म्हटलं. बस्त्याव माझा धाकटा भाऊ. त्याच्या होडीवर आणखी तिघे होते.

अप्पांनी शेकोटीकडे पाहिलं, मग धुक्याकडे. “मास्तर, धुक्यात तुमचे लोक बंदर कशावरून ओळखतात?”

“किनाऱ्यावरच्या आगीवरून,” मी म्हणालो, आणि बोलता बोलताच माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडे धुकं पडलं की बायका बंदरावर आग पेटवतात, होडी त्या उजेडाचा रोख धरून येते. त्या दिवशी बंदरावर आग नव्हती. सगळा कोळीवाडा मेळ्यात होता, आणि आमची शेकोटी ज्या जागी धडधडत होती तिच्यासमोर पाण्याखाली नुसते खडक!

“विझवा!” अप्पा ओरडले.

गलका झाला. पाहुणे खुर्चीतून उठले. एक म्हातारे आडवे आले, “अप्पा, भरल्या मेळ्यात शेकोटी इझवनं अपशकुन हाय.”

“अपशकुन माझ्या डोक्यावर घ्या, पण आधी पाणी ओता!” असं म्हणून त्यांनी पिण्याच्या पाण्याचा पहिला हंडा स्वतः ओतला. जळती लाकडं घमेल्यांत भरून आम्ही बंदराकडे धावलो. वाळूत पाय रुतत होते, हात भाजत होते, आणि मागे मेळ्यात मिट्ट काळोख झाला होता.

बंदरावर नवी आग धरेपर्यंत माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. आय, म्हणजे माझी आई, आगीत एकेक काटकी सारत होती. अप्पा धोतर भिजवत गुडघाभर पाण्यात उभे राहून “बस्त्यावss” अशा हाका मारत होते, त्यांचा आवाज फाटला तरी थांबेनात. समुद्राकडून काहीच येईना. त्या वेळी मनात काय काय आलं ते आजही लिहवत नाही.

मग वल्ह्यांचा आवाज आला. होडी वाळूला लागली आणि बस्त्याव उतरला तो चिडलेलाच : “आग कोनी इझवली रं? आमी नीट तिच्यावरच येत होतो. मधीच काळोख झाला, म्हनून नांगर टाकून बसलो. मग ही दिसली.” आयने त्याच्या थोबाडीत मारली आणि त्याला कवटाळून हंबरडा फोडला. अप्पा मटकन वाळूत बसले. मेळा मोडला, पाहुणे उपाशी गेले. त्या वर्षापासून शेवटची होडी लागल्याखेरीज शेकोटी पेटत नाही.

आज अप्पांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. अलीकडे त्यांना दम लागतो, आणि आता त्यांची काळजी करण्याची पाळी आमची आहे. आमच्या घरी रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाली की आय आधी जिवंतांसाठी आणि मग मेलेल्यांसाठी एकेक नाव घेऊन प्रार्थना करते. बस्त्यावच्या नावाला लागून ती ‘अप्पा मास्तर’ म्हणते. ती थकली की मी म्हणेन, मी थकलो की बस्त्यावची पोरं म्हणतील. अप्पांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्या पोरांनाही त्यांचं नाव जिवंतांतच घ्यायला मिळो.