बाबांना चढवलेला कोट

बाबांचं बारावं उरकून मी स्टुडिओत परत गेले तेव्हा काउंटरपाशी तिघं-चौघं उभे राहून हसत होते. स्टुडिओच्या मालकांच्या, सरांच्या, हातात फोन होता. फोनवर एक टपोरी गाणं वाजत होतं. मला बघून हसणं थांबलं. गाणं थांबलं नाही.

"ये, ये," सर म्हणाले. "तुझे वडील फेमस झाले."

त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. घिवलीच्या किनाऱ्यावर माझे बाबा बसलेले. अंगात खांद्याशी फाटलेलं बनियन, डोक्याला फडकं, पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवलेलं. उन्हाने डोळे बारीक झालेले. गाण्यात ढोल वाजला आणि बाबांच्या अंगावर निळा कोट आला. लाल टाय आला. चेहरा गोरा झाला. मागे समुद्र होता तिथे राखाडी पडदा आला. खाली लिहिलं होतं, 'आधी आणि नंतर. तुमच्या माणसालाही द्या नवा रुबाब.' आणि स्टुडिओचा नंबर.

त्याखाली लोकांनी लिहिलं होतं. एकाने, 'मछलीवाला बन गया साहब.' दुसऱ्याने, 'कोट आला, पण वास गेला का?' मग हसणाऱ्या तोंडांची रांग.

मी म्हटलं, "सर, हे काढा."

"काढा? अगं, आत्ता कुठे चढतंय. सकाळपासून फोन येतायत." माझा चेहरा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "भिंतीवर काय जाळं शिवणारा माणूस लावणार होतीस? मीच तर त्यांना माणसात आणलं."

कोणीतरी खोकलं. मला एकही शब्द सुचला नाही. त्या दुकानात माझं काम शब्दांचं होतं.

मी पालघरच्या कॉलेजात मराठी घेऊन एम.ए. केलं. शिकवायची नोकरी मिळाली नाही. बोईसरला या स्टुडिओत लागले. पासपोर्ट फोटो, कारखान्यातल्या कामगारांची ओळखपत्रं, लग्नं, एवढाच धंदा होता. सरांचा हात कॅमेऱ्यावर चांगला आहे, हे मी आजही म्हणेन. ते म्हणाले, "तुझं मराठी छान आहे. आपलं पेज तू सांभाळ." मी सांभाळलं. प्रकाश कसा पाडतात, नवरीने कुठे बघावं, केळव्याच्या किनाऱ्यावर कुठल्या वेळी शूट करावं, असं रोज काहीतरी टाकत गेले. बघणारे फारसे वाढत नव्हते.

आमच्याकडे माणूस गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरातलं कोणीतरी स्टुडिओत येतं. हातात मिळेल तो फोटो असतो. आधार कार्ड, लग्नातला घोळका, फोनवरचा अंधुक फोटो. त्यातून चेहरा कापून काढायचा, मागचं सगळं पुसायचं आणि फ्रेम करून द्यायची. पुरुषांसाठी कॉम्प्युटरमध्ये कोट तयार असतात. निळा, काळा, तपकिरी. बायकांसाठी पैठण्या. गळ्याशी चेहरा बसवला की झालं. हे मी यायच्या आधीपासून चालत होतं.

पण जुना फोटो आणि नवा फोटो एकामागोमाग दाखवायची कल्पना माझी होती. हे मी लपवणार नाही.

पहिलं रील मी केलं. त्यावर लिहिलं, 'आठवणींना नवं रूप.' लोकांनी खाली लाल बदाम पाठवले. डहाणूहून, वसईहून ऑर्डरी यायला लागल्या. सर मला लोकांसमोर 'आमच्या लेखिकाबाई' म्हणायला लागले. मला ते आवडलं. त्यात थोडी थट्टाही होती. ती मी ऐकली नाही.

मग बाबा गेले. दोन दिवसांचा ताप, बस. किनाऱ्यावरचा तो फोटो मीच काढलेला होता. मीच सरांना पाठवला. त्यांचा मेसेज आला, 'कोट घालू ना?'

मी लिहिलं, 'हो.'

बाराव्याला फ्रेम घरी आली. शेजारच्या बायका म्हणाल्या, "काय सायबासारका दिसतोय!" आय जवळ आली. बराच वेळ बघत राहिली.

"ह्यो कोन?"

"आय, बाबा हायेत."

"माजा मानूस उनात जललेला व्हता. ह्याला ऊन लागलेला नाय."

तिने हातातला हार खाली ठेवला. सगळं घर बघत होतं. मला तिची लाज वाटली. मी तिच्या कानाशी म्हटलं, "आय, सगळे असंच करतात. लोक बघतायत." आणि हार मीच घातला.

हे लिहिताना मी दोनदा उठले. एम.ए.ला मी माणसाच्या प्रतिष्ठेवर निबंध लिहिला होता. मार्क चांगले पडले होते.

तर स्टुडिओतल्या त्या सकाळी मी सरांना काही बोलू शकले नाही, त्याचं कारण हे. बाबांना माणसात आणलं, असं ते म्हणाले. पण बाबा आधी माणसात नव्हते, हे एका अक्षरात मीही कबूल केलं होतं.

दुपारी मी जागेवर बसून जुनी रीलं बघत गेले. बाबांचं धरून सतरा होती. उमरोळीचे एक म्हातारे, हॉस्पिटलच्या खाटेवर, नाकात नळी. दुसऱ्या फोटोत काळा कोट. मासवणची एक आजी, लुगडं, कपाळावर गोंदण. दुसऱ्या फोटोत गोंदण पुसलेलं, नाकात नथ, अंगावर पैठणी. त्यावर मी लिहिलं होतं, 'आजी झाली महाराणी.' मी. माझ्या चांगल्या मराठीत.

मग दुसरं काहीतरी लक्षात आलं. मोठ्या घरांच्या लग्नांची रीलं आम्ही विचारल्याशिवाय कधी टाकली नव्हती. एका नवरीची आई फोनवर नुसतं "नको हं" म्हणाली, तर सरांनी तीन दिवसांचं काम बाजूला ठेवलं होतं. "त्यांची प्रायव्हसी असते," ते म्हणाले होते. या सतरा घरांना कोणीच विचारलं नव्हतं. सरांनी नाही. मीही नाही. विचारावं असं वाटलंच नाही. ही माणसं नाही म्हणू शकतात, हेच आमच्या डोक्यात नव्हतं.

संध्याकाळी सरांनी माझ्यासाठी चहा मागवला. चार वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच मला शंका आली.

"वाईट वाटून घेऊ नकोस," ते म्हणाले. "एक आयडिया आहे. तू कॅमेऱ्यासमोर बोल. मुलगी म्हणून. माझे बाबा असे दिसावेत हे माझं स्वप्न होतं, असं काहीतरी. शब्द तूच लिही. रडलीस तरी चालेल. खरं वाटेल."

"खरं वाटेल?"

"म्हणजे, बघणाऱ्यांना गं."

"नाही," मी म्हटलं.

"विचार कर. उद्या स्वतःचं पेज काढशील तेव्हा हेच लोक तुझ्या कामाला येतील."

स्टुडिओचं पेज माझ्याच फोनवर उघडं होतं. मी बाबांचं रील काढलं. मग उमरोळीचे म्हातारे. मग मासवणची आजी. सर समोर बसून चहा पीत होते. मी शब्द लिहितेय असं त्यांना वाटत असावं. सतरावं काढेपर्यंत त्यांच्या फोनने त्यांना सांगितलं.

"काय केलंस? अगं, हे सगळं माझं आहे!"

"चेहरे कोणाचे आहेत, सर?"

"उपकार विसरलीस. तुम्हाला वर आणायला जावं तर…"

पुढचं ते बोलले नाहीत. तुम्हाला. चार वर्षं ते मला 'तू' म्हणत होते. त्या एका वाक्यात माझ्याबरोबर माझं सगळं गाव उभं केलं त्यांनी. मी पिशवी खांद्याला लावली आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सतराच्या सतरा रीलं परत वर आली. त्यांच्याकडे ती ठेवलेली होती. मला पेजवरून काढून टाकलं होतं. गावाच्या ग्रुपवर कोणीतरी बाबांचं रील पाठवलं, तेव्हा मला कळलं. गाणं बदललं होतं.

मी उमरोळीला गेले. त्या म्हाताऱ्यांची सून अंगणात भात वाळवत होती. मी कोण ते सांगितलं. फोनवर रील दाखवलं. तिने ते पहिल्यांदाच बघितलं. हात पदराला पुसून तिने ते परत लावलं.

"ती नली पुसायला दिला व्हता फोटो," ती म्हणाली. "सगल्यांना दाकवायला नाय."

मी म्हटलं, "पहिल्यांदा ते मीच टाकलं होतं."

"मंग आता कनाला आलीस? रडायला?"

"नाही. कागदावर तुमची सही घ्यायला. काढून टाका म्हणून."

"आनि तो कागद तू कुटं टाकशील, त्याचा काय भरवसा?"

तिचं बरोबर होतं. तो कागद मी तिथेच, तिच्यासमोर हाताने लिहिला. तिच्या शाळेत जाणाऱ्या मुलीकडून तिला मोठ्याने वाचून घ्यायला लावला. दोन प्रती केल्या. एक तिच्याकडे ठेवली. फोटो काढला नाही, कागदाचाही नाही. मग तिने सही केली.

सतरापैकी अकरा घरं मला सापडली. प्रत्येक ठिकाणी हेच झालं. आधी संशय, मग रील, मग कागद. मासवणला आजीच्या मुलाने मला दारातून आत घेतलं नाही. सही ओट्यावर केली. एका घरी मुलगा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. आमचा बा कोटात चांगला दिसतो." मी वाद घातला नाही. त्याचं नाव यादीतून काढलं. विचारणं म्हणजे हेही ऐकणं. घरोघरी फिरेपर्यंत मला ते माहीत नव्हतं.

शेवटचं घर माझं होतं. आयने कागद वाचायला लावला नाही. अंगठा लावला आणि म्हणाली, "स्टुडिओत मी पन येते."

तिने मला माफ केलेलं नाही. मी माफी मागितलेलीही नाही.

मी आता फोटो काढते. माझं छोटं पेज आहे. त्यावर जे जातं ते आधी त्या माणसाला दाखवते. नाही म्हणाला तर त्याच्यासमोर पुसते. कोणी 'आधी-नंतर करता का?' विचारलं तर नाही म्हणते, आणि कारण सांगते. कोणी माझ्या फोटोला बदाम पाठवला तरी मला आनंद होत नाही. पाठवणारा काय बघून हसला असेल, हे मी आधी शोधते.

सोमवारी आम्ही दहा घरची माणसं स्टुडिओत जाणार आहोत. विनंती करायला नाही. दहा कागद काउंटरवर ठेवू, आणि आमच्या माणसांची दहाही रीलं आमच्या डोळ्यांदेखत उतरेपर्यंत तिथून हलणार नाही. त्यांनी ती परत टाकली तर परत जाऊ, तेव्हा बरोबर वकील असेल. सर फोन काढून आमचं शूटिंग करायला लागतील, मी त्यांना ओळखते. करू देत. कॅमेऱ्यात बघून काय बोलायचं ते आम्ही ठरवलं आहे. प्रत्येकाने स्वतःच्या माणसाचं नाव घ्यायचं, तो काय काम करायचा ते सांगायचं, आणि म्हणायचं : आम्हाला विचारलं नव्हतं.

पहिली मी बोलणार आहे. माझ्यावरही तोच आरोप आहे, हे सांगून.