रिद्धपूरला न गेलेली साडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढं हात जोडतानाही हा विषय मी बाजूला ठेवते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल.

आधी माझ्या कामाबद्दल सांगू द्या. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही. अकोल्यात जठारपेठेत आमचं घर. नवरा औषधाच्या दुकानात कामाला. लोकांनी वापरलेल्या साड्या मी फोनवर व्हिडिओ टाकून विकते. साडी हातात घेतली की मला कळतं – किती वेळा धुतलेली आहे, उन्हात वाळवली की सावलीत, पदर कुठं अडकला होता. डाग असेल तर तो मी व्हिडिओत आधी दाखवते, मग साडी. नागपूरपासून नाशिकपर्यंतच्या बायका माझ्या शब्दावर साडी मागवतात. न बघता! असं किती जणांच्या वाट्याला येतं?

पण सुरुवातीला मी तोंड दाखवत नव्हते. व्हिडिओत नुसते हात आणि आवाज. का? माझं माहेर अमरावतीचं. आमची भाजीची, फुलांची शेती, आणि घरात ताठा भारी. आई जुन्या साड्या देऊन स्टीलची पातेली घ्यायची, आणि ती भांडेवाली गेली की ओटा धुऊन काढायची. त्या घरची मुलगी दुसऱ्यांची नेसलेली लुगडी विकते – हे भावाला कळलं असतं तर? मला ते सोसलं नसतं. मी शिवणकाम करते असं मी सांगून ठेवलं होतं. तिथूनच सगळं सुरू झालं.

माझी वहिनी गेली. मंदावहिनी. काविळीचं निमित्त झालं आणि बघता बघता गेली. तिला साड्यांची फार हौस. शेतातून आली की हातपाय धुऊन आधी साडी बदलायची. मला ती कधी टाकून बोलली नाही, उलट प्रत्येक दिवाळीला माझ्या साडीचा रंग तीच निवडायची.

तेरवी झाल्यावर भावानं तिच्या साड्यांचं गाठोडं माझ्यापुढं ठेवलं. माझं सासर महानुभाव पंथाचं, वर्षातून एकदा आम्ही रिद्धपूरच्या तीर्थाला जातोच. तो म्हणाला, "घरात पाह्यवत नाही मले. तू रिद्धपूरले जाशील तवा तिथल्या गोरगरिबायले देऊन टाक."

मी हो म्हटलं. खरंच द्यायच्या होत्या – निदान अमरावतीहून निघताना तरी. अकोल्याला येऊन गाठोडं सोडलं आणि माझे हात माझं ऐकेनात. इतक्या जपलेल्या साड्या! एकेक घडी जशी दुकानातून आणलेली. मी त्या धुतल्या, इस्त्री केल्या, एकेक करून विकल्या. "एका हौशी बाईनं मनापासून वापरलेल्या" असं मी व्हिडिओत म्हणाले. ते खोटं नव्हतं, नाही का? त्याच साड्यांनी माझं नाव झालं.

एक उरली होती. जांभळी, मोरपंखी काठाची. बार्शीटाकळीच्या एका अंगणवाडीच्या बाईंनी ती पसंत केली होती. मुलाच्या साखरपुड्याला नेसायची म्हणाल्या. साडी कपाटात होती, दुसऱ्या दिवशी पाठवायची होती.

आणि पल्लवीचा फोन आला. वहिनीची मुलगी. तेव्हा बारावीला होती.

"आत्या, मम्मीची ते जांभळी साडी हाय ना, मोराच्या रंगाच्या काठाची – ते कोनाले देऊ नोको. मले ठेवायची हाय."

मी कपाटाजवळच उभी होते. हात लांबवला असता तर साडी हातात आली असती. आणि मी काय म्हणाले?

"गेली ना बाई. सगळ्या रिद्धपूरले देऊन आली मी."

ती म्हणाली, "बरं झालं. मम्मीले आवडलं असतं."

रडली असती, भांडली असती तर कदाचित मी विरघळले असते. असं आता वाटतं, तेव्हा वाटलं नव्हतं. एक साडी आहे म्हटलं असतं, तर बाकीच्या कुठं गेल्या हे निघालं असतं. दुसऱ्या दिवशी मी ती पाठवून दिली. अंगणवाडीच्या बाईंनी साखरपुड्याचा फोटो पाठवला. काय शोभली होती त्यांना! मी तो फोटो फोनवरच्या माझ्या साड्यांच्या पानावर लावला. हो – लावला.

पुढं माझं साड्यांचं काम आपोआप उघड झालं, आणि झालं ते उलटंच. पल्लवीनं व्हिडिओतला माझा आवाज ओळखला. तिला लाज वाटली नाही, तिनं सगळ्या अमरावतीला सांगितलं. भाऊसुद्धा हसून म्हणाला, "लपवून कावून राहिली होतीस वं?" ज्या भीतीपायी मी ते केलं, ती भीतीच पोकळ निघाली.

पल्लवी शिकायला अकोल्याला आली, आमच्याकडंच राहायला लागली. एकदा ती माझ्या पानावरचे जुने फोटो खाली सरकवत बसली होती आणि थांबली.

"आत्या, हे मम्मीच्याच साडीसारखी हाय."

"तशा लय निघाल्या होत्या तवा," मी म्हणाले.

तिनं फोटो मोठा करून पाहिला. नंतर तो स्वतःच्या फोनवर घेतला. एका अनोळखी बाईचा फोटो – साडीसाठी.

ते मला बघवलं नाही. मी बार्शीटाकळीला गेले. बाईंनी चहा केला, साडीचं नाव काढताच हसल्या. साडी त्यांनी नव्या सुनेला दिली होती. "परत कावून पाहिजे तुमाले? काई खोड हाय काय?"

इथं खरं बोलायचं होतं. एका पोरीची मेलेली आई त्या साडीत आहे, एवढंच. त्या बाईंनी उभ्या उभ्या साडी काढून दिली असती, त्यांच्या तोंडावरून कळत होतं. मी म्हणाले, "एक दुसरं गिऱ्हाईक मागून राहिलं."

"मंग त्याले दुसरी दाखवा. सुनेले देल्लेली परत नाई मागत मी."

बरोबरच होतं त्यांचं. मी परतीच्या बसमध्ये बसले आणि मला हलकं वाटलं. अगदी हलकं. प्रयत्न करून झाला होता, साडी मिळाली नव्हती, पल्लवीला काही सांगावं लागणार नव्हतं. त्या हलकेपणाची मला जितकी लाज वाटते, तितकी कपाटाजवळच्या खोट्याचीही वाटत नाही.

आता व्हिडिओत आम्ही दोघी असतो, तोंड दाखवून. पल्लवी माझ्याहून छान बोलते. परवा एका नव्या बाईंनी भरवशाचं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "माही आत्या खोटं बोलत नाही." मी शेजारी बसले होते. पदर नीट करून पुढची साडी उघडली.

हे काम मी उभं केलं, आणि त्याचा अभिमान मला आजही आहे. तो जात नाही. हे खोटंही मनातून गेलेलं नाही. साडी बार्शीटाकळीत आहे. मला घर माहीत आहे, सुनेचं नाव माहीत आहे. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत येता येतं. मी गेलेली नाही.