हर्सूलपासून पायी

फुलंब्रीच्या स्थानकात सकाळची एसटी थांबते न थांबते तोच सोमनाथचा रुमाल खिडकीतून आत पडलेला असायचा. ज्याचा रुमाल त्याची जागा, हा आमच्याकडचा कायदा. तो कुठं लिहिलेला नाही, पण तहसीलदारसुद्धा मोडत नाहीत. सोमनाथ रुमाल टाकायचा तो दोघांसाठी. तौफिकचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला, त्याला दारातल्या रेटारेटीत घुसता यायचं नाही. सगळी गर्दी चढून झाली की तो सावकाश यायचा आणि रुमाल उचलून खिडकीशी बसायचा.

दोघंही शहरात, शहागंजात कामाला. सोमनाथ साड्यांच्या दुकानात गादीवर आणि तौफिक त्याच गल्लीत शिलाई मशीनवर. बाक तिघांचा होता, आणि पूर्वी त्यावर खरोखर तिघं बसायचे. खिडकी तेव्हा तौफिकच्या मोठ्या भावाची, सरदारभाईची होती. सरदारभाईला साखरेचा आजार होता. डॉक्टरांनी इंजेक्शन घ्यायला सांगितलं तेव्हा तो हसून म्हणाला होता, "जाऊ दे, होईल ते होईल." मग एका हिवाळ्यात तो गेला. तेव्हापासून खिडकी तौफिककडे आली आणि बाकावरच्या तिसऱ्या जागेवर दोघांचे डबे बसू लागले.

आता साडीच्या दुकानातलं काम म्हणजे काय, तर बसणं. सकाळी मांडी घालायची ती संध्याकाळीच सोडायची. गिऱ्हाईक आलं की साडी उलगडायची, साडी उलगडली की चहा मागवायचा. बाई म्हणाली, "रंग जरा फिका दाखवा," की दुसरी साडी आणि दुसरा चहा. लग्नसराईत सोमनाथच्या पोटात किती चहा जायचा याचा हिशेब ठेवायला वेगळा माणूस लागला असता. त्यामुळं एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याच्या रक्ताचा कागद बघून चष्मा काढला, तेव्हा आश्चर्य वाटलं ते फक्त त्यालाच.

"सोमनाथराव, गोळ्या चालूच ठेवा. पण रोज चाललं पाहिजे आणि गोड बंद," बाई म्हणाल्या. "दिवाळीनंतर पुन्हा तपासू. साखर उतरली नाही तर इन्सुलिन सुरू करावं लागेल."

इंजेक्शनपेक्षा सोमनाथला त्या बाकाची भीती वाटली. त्या बाकावरून एक माणूस असाच गेला होता.

असं नाही की त्यानं आधी प्रयत्न केले नव्हते. मागं एकदा त्यानं पांढरेशुभ्र बूट आणले होते आणि पहाटे उठून गावाबाहेर चालायला गेला होता. परत आला तर म्हशीची धार काढायची राहिलेली, बस चुकलेली आणि मालकाचा फोन आलेला. मग शहरात टीव्ही सेंटर भागातल्या एका व्यायामशाळेत नाव घातलं. तिथं आरसेच आरसे. चारी बाजूंनी स्वतःचं पोट बघून तो इतका खचला, की पुन्हा तिकडं फिरकला नाही. बूट परत खोक्यात गेले, खोकं पलंगाखाली गेलं आणि पुढं त्यात त्याच्या आईनं, द्वारकाबाईनं, लसणाचं बियाणं ठेवलं.

या खेपेला त्यानं लसूण बाहेर काढला आणि डोकं चालवलं. वेगळा वेळ सापडतच नाही, तर कामावर जायच्या वाटेतच चालायचं. बसमधून हर्सूलला उतरायचं आणि पुढं दिल्ली दरवाज्यावरून शहागंजपर्यंत पायी जायचं. बेत झकास होता. तौफिकचं तोंड मात्र उतरलं.

"तू हर्सूलला उतरणार, मंग पुढं मी काय खिडकीशी बोलू का?" तो म्हणाला.

"संध्याकाळी बोलू की. मला काय हौस हाय का?"

"जा यार, जा. तब्येत बघ," तौफिक म्हणाला आणि उरलेला रस्ता खिडकीकडं बघत बसला.

पहिल्या दिवशी सोमनाथ हर्सूलला उतरला, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि ऐटीत चालू लागला. तिथल्या कारागृहाची भिंत संपायच्या आत एक मोटारसायकल त्याच्याजवळ थांबली. गावातलाच माणूस होता. "काय भौ, बस बंद पडली का? बसा मागं." सोमनाथ म्हणाला, चालतोय. "अहो बसा हो, संकोच कशाचा?" शेवटी बसला. दुसऱ्या दिवशी दुधाची गाडी थांबली. तिसऱ्या दिवशी जाधववाडीच्या बाजाराला निघालेला ट्रॅक्टर थांबला आणि सोमनाथला फुलकोबीच्या ढिगावर बसून जावं लागलं.

आमच्या तालुक्याचं प्रेम असं आहे. सकाळी अर्धी फुलंब्री त्या रस्त्यानं शहरात जाते आणि ओळखीचा माणूस पायी दिसला की तो अडचणीत आहे असंच धरून चालते. धडधाकट माणूस, खिशात बसचं भाडं असताना, आपण होऊन चालेल हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. आणि देऊ केलेली गाडी नाकारणं म्हणजे तर भांडण उकरून काढणं. सोमनाथनं एकदा जिवाच्या करारानं भावकीतल्या नानांना नाही म्हटलं. संध्याकाळी घरी आला तर द्वारकाबाई उंबऱ्यातच उभी.

"भावकीत काय वाकडं आलंय का तुझं? नाना येऊन सांगून गेले, तुमच्या पोराला आमची गाडी चालत नाय म्हणून."

"आई, मला चालायचंय."

"कुठं?"

"कुठं नाय. नुसतं चालायचंय."

द्वारकाबाईनं त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की सोमनाथ गप जेवायला बसला. दुकानातही तीच तऱ्हा. बिनसाखरेचा चहा मागितला की गिऱ्हाईक म्हणायचं, "एका कपानं काय होतं?" पेढा नाकारला की देणाऱ्याचा चेहरा पडायचा. एकाचा चेहरा पडू नये म्हणून एक पेढा, दुसऱ्याचा पडू नये म्हणून दुसरा. सोमनाथ मुळातच भिडस्त माणूस. कुणाचंही मन मोडायचं त्याच्या जिवावर यायचं, म्हणून तो आपली तब्येत मोडत बसला होता.

एका संध्याकाळी परतीच्या बसमध्ये त्यानं बूट काढून पिशवीत कोंबले. "बास झालं," तो तौफिकला म्हणाला. "उद्यापासून नाय उतरत मी. लोकं चालू देत नाय आणि मला कुणाला नाय म्हणता येत नाय. सुई तर सुई. होईल ते होईल."

एरवी शहागंजपासून फुलंब्रीपर्यंत तौफिकची जीभ टाळूला लागायची नाही. त्या दिवशी तो सावंगीपर्यंत हातातला रुमाल नुसता घड्या घालत आणि उलगडत बसला. मग म्हणाला, "आणखी आठ दिवस उतर. माझ्यासाठी."

सोमनाथ उतरत राहिला, आणि तिसऱ्या दिवशी चमत्कार झाला. मागून मोटारसायकल आली, जवळ येऊन हळू झाली, चालवणाऱ्यानं एक हात छातीला लावला आणि तो निघून गेला. दुधाची गाडी लांबून वळसा घालून गेली. ट्रॅक्टरवाल्यानं तर डोक्यावरची टोपी काढली. सोमनाथला वाटलं, नाना सगळ्यांना सांगत फिरले आणि आता गावानं आपल्याला वाळीत टाकलं. दिवसभर त्याचं साड्यांत लक्ष लागेना. मोरपंखी मागितली तर तो अंजिरी दाखवत होता.

उलगडा झाला तो गावातल्या सारजाबाईमुळं. ती भाजीची पाटी घेऊन जाधववाडीला जायची. दुसऱ्या दिवशी सोमनाथ हर्सूलला उतरला तर ती रिक्षा थांबवून त्याची वाट बघत उभी होती. तिनं त्याच्या हातात नारळ ठेवला.

"हर्सूलच्या देवीला माझ्या नावानं वाढवा भौ. नवसाच्या माणसाच्या हातनं गेलेला बरा."

"कसला नवस, मावशी?"

"असू द्या, असू द्या. सांगू नका. नवस सांगितला की फळत नाय. मला समदं ठावं हाय, देवीचं दर्शन घेऊन दुकानापस्तोर पायी जायचं बोलला तुम्ही." मग तिची नजर खाली गेली. "बूट घालून चालतंय म्हणा?"

"चालतंय," सोमनाथ म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी त्यानं तौफिकला धरलं. तौफिकनं कबूल केलं, की त्यानं स्थानकावर चहावाल्याला सांगितलं, सोमनाथ मन्नतीचा माणूस आहे, त्याला गाडीत बसवून पाप घेऊ नका. बाकीचं गावानं आपलं आपण जोडलं.

"देवीच्या नावानं खोटं बोलला तू," सोमनाथ तापला होता.

"झूट नाय बोललो मी," तौफिक शांतपणे म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

सोमनाथनं ठरवलं होतं, उद्या सगळ्यांना खरं सांगायचं. पण दुसऱ्या दिवशी दुकानात फुलंब्रीचंच गिऱ्हाईक आलं, पेढे घेऊन. सोमनाथ सवयीनं हात पुढं करणार एवढ्यात त्या माणसानंच डबा मागं घेतला. "राहू द्या भौ. नवसात गोड चालत नसंल." साखरेच्या आजारापुढं जो तालुका कधी नमला नाही, तो नवसापुढं पहिल्या फटक्यात नमला होता. "नाय चालत," सोमनाथ म्हणाला. "चहाबी बिनसाखरेचाच लागतो." खरं सांगायचं मग रोज उद्यावर जाऊ लागलं.

पण नवसाचा माणूस होणं सोपं नव्हतं. नवरात्रात तर सकाळी देवीला निघालेल्या बायका त्याला वाट करून द्यायच्या. एकदा रात्री गावात भजनाला जागरण झालं होतं. हर्सूल आलं तरी सोमनाथ डोळे मिटून बसून राहिला. एक दिवस खाडा झाला तर काय बिघडतं, असं त्यानं मनाशी म्हटलंही. बस थांबली, पण सुटेना. डोळे उघडले तर मोनिकाताई कंडक्टर घंटीच्या दोरीवर हात ठेवून त्याच्याकडं बघत होती आणि तिच्यामागं अख्खी बस.

"भौ, हर्सूल आलं," ती म्हणाली.

"आज जरा बरं वाटत नाय, ताई."

"तुमच्या नवसाला आमच्या गाडीत खोट नको. सावकाश जा, पण उतरा."

सोमनाथ उतरला. पाठीमागं घंटी वाजली आणि खिडकीतून तौफिकचं हसू कानावर आलं. त्या दिवशी मात्र गंमत झाली. दिल्ली दरवाजा येईपर्यंत त्याची झोप पार उडाली होती, अंग हलकं झालं होतं आणि उद्या कुणी उतरवलं नाही तरी आपण उतरूच असं त्याला वाटलं. पोट सदऱ्याच्या आत राहू लागलं होतं. दुकानाच्या माळ्यावर गठ्ठे काढायला तो आपणहून चढू लागला.

घरी त्याच्या बायकोच्या, करुणाच्या, मनात वेगळाच घोर होता. "अहो, एवढं मोठं काय मागितलं देवीकडं?" तिनं एकदा भाकरी थापता थापता विचारलं. "अपेक्षाचं लग्न ठरवताय का? पोरीचं शिक्षण तरी होऊ द्या."

"माझी साखर उतरू दे, एवढंच," सोमनाथ म्हणाला. हे तरी खरं होतं.

करुणानं परातीतला हात थांबवला. तिचे डोळे भरून आले. "मंग मला सांगायचं की," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून डब्यातला भात बंद होऊन मेथी आली.

दिवाळीनंतर डॉक्टरीणबाईंनी नवा कागद बघितला, चष्मा काढला नाही. "काय केलंत हो? सुईची गरज नाही. हेच चालू ठेवा." सोमनाथ हसत दवाखान्यातून बाहेर पडला आणि पायरीवरच थबकला. नवस फळला होता. फळलेला नवस फेडावा लागतो, आणि फेडला की सगळं संपलं. परत मोटारसायकली थांबणार, परत पेढे येणार, आणि न फेडावा तर देवीच्या नावानं खोटं जन्मभर उशाशी. त्याला या माणसांना फसवायचं नव्हतं. नारळ देणाऱ्या सारजाबाईची त्याला मनापासून लाज वाटू लागली.

संध्याकाळी बसमध्ये त्यानं तौफिकला कागद दाखवला. "आता सांगून टाकतो सगळ्यांना," तो म्हणाला. "नवस बिवस काय नव्हता म्हणून."

तौफिकनं कागद नीट वाचला, घडी घातली आणि परत दिला. "उद्या जुम्मा. माझी सुट्टी हाय. तूबी टाक. माझ्यासोबत खुलताबादला चल."

खुलताबादच्या दर्ग्यात तौफिकनं गुलाबाची चादर घेतली. एका हातानं सोमनाथचा खांदा धरून तो आत गेला, चादर चढवली आणि बराच वेळ ओंजळ धरून उभा राहिला. बाहेर पायरीवर बसल्यावर सोमनाथनं विचारलं, "कशाची होती चादर?"

"तू बोलला होता ना, सुई तर सुई, होईल ते होईल. सरदारभाईबी असाच बोलला होता. त्याच बाकावर. मी तेव्हा हसलो होतो यार." तौफिकनं आपल्या वाळक्या पायावरून हात फिरवला. "दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून इथं आलो. मन्नत मागितली, याची साखर उतरू दे. मंग चहावाल्याला सांगितलं. मी झूट नाय बोललो सोमनाथ. मला चालता येत नाय. म्हणून बोललो मी आणि चालला तू."

आपण ज्याला खोटारडा म्हणालो तो इतके दिवस खिडकीत एकटा बसून आपल्यासाठी मागत होता, हे सोमनाथला फार लागलं. त्यानं तौफिकचा हात हातात घेतला. समोर दुकानदार रेवड्यांवरच्या माश्या हाकत होता. तौफिकनं रेवड्या घेतल्या, पण सोमनाथला दिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी हर्सूलला सोमनाथ मोनिकाताईनं सांगायच्या आत उतरला. आज पहिल्यांदाच तो कुणी न सांगता रस्त्यावरून वळून सरळ देवळात गेला, स्वतःच्या पैशाचा नारळ वाढवला आणि हात जोडले. बाहेर येतो तर सारजाबाईची रिक्षा.

"नवस फळला म्हणं? करुणा सांगत होती," ती म्हणाली. "मंग आता बसा रिक्षात. फिटलं समदं."

"फिटला तो तौफिकचा होता, मावशी. त्यानं माझ्यासाठी बोललेला. कालच खुलताबादला फेडून आलो." सोमनाथनं वाकून बुटांच्या नाड्या आवळल्या. "माझा आजपासून सुरू झालाय."

"तुम्ही काय मागितलं?"

"सांगितलं की फळत नाय, तुम्हीच म्हणला होता," तो म्हणाला आणि मग त्याच्यानं राहवलं नाही. "त्या बाकावर आम्हा दोघांना म्हातारे होईस्तोर बसू दे, एवढंच."

सारजाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रिक्षावाल्याला पुढं चलायला सांगितलं. सोमनाथ कारागृहाच्या भिंतीकडेनं चालू लागला.